पाटीवर न लिहिलेलं वजन

आप्पांना ऐकू येणं नेमकं कधी बंद झालं हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. कापडगिरणीच्या इंजिनखोलीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान एका दिवसात जात नाहीत. आधी त्यांना वाटायचं की आई हळू बोलते. मग सगळं सोलापूरच हळू बोलायला लागलं. शेवटी गिरणीने त्यांना घरी बसवलं. इंजिनाच्या आवाजातला फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती इंजिन ठेवायचं कसं, असं साहेबाचं म्हणणं होतं.

घरात आप्पांशी बोलणं माझ्या दगडी पाटीवर चालायचं. शाळेत सगळं इंग्रजीतून झालेलं, त्यामुळे माझं मराठी अक्षर वाईट आणि लिहिण्याचा वेग त्याहून वाईट. म्हणून मी थोडक्यात लिहायची. शेजारीण दारात उभी राहून घटकाभर बोलून गेली तर मी लिहायची, "विरजण मागते." आप्पा वाचून मान हलवायचे. एवढा वेळ ती फक्त विरजण मागत नव्हती हे त्यांनाही कळत असणार. पण ते कधी काही म्हणाले नाहीत, आणि मला बोलण्यापेक्षा न बोलणंच सोपं वाटत असल्यामुळे ती सवय तशीच राहिली.

घरी बसल्यावर वर्षभर आप्पांनी काहीच केलं नाही. सकाळी उठून तेलाची जुनी झारी पुसायची, परत खिळ्याला अडकवायची. जेवायचे, झोपायचे. आई म्हणायची, "माणूस हाय, पण कुटं हाय म्हणून विचारायची सोय न्हाय." आईचं माहेर अक्कलकोटचं, चिडली की ती एक वाक्य मराठीत बोलायची आणि दुसरं कानडीत.

मग दक्षिणेकडच्या एका बंद पडलेल्या सरकी कारखान्यातलं तेलावरचं इंजिन विकायला निघाल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं. आप्पा स्वतः जाऊन ते पाहून आले. परत आले तेव्हा त्यांच्या सगळ्या नखांत काळं वंगण होतं, आणि आई ते बघून रडली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची शेड रिकामी होती. तिथे पिठाची गिरणी घालायची, असं ठरलं. जे काही होतं ते त्या इंजिनात गेलं. ते आलं आणि चाललं, तर आप्पा पुन्हा उभे राहणार होते. नाहीतर पुन्हा झारी आणि खिळा. हे कोणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

इंजिन लहान रुळांच्या गाडीने होटगीपर्यंत आलं. पुढे सोलापूरला मोठे रूळ. म्हणजे लहान डब्यातून उतरवायचं, मोठ्या डब्यात चढवायचं, सोलापूरच्या मालधक्क्यावर पुन्हा उतरवायचं, आणि तिथून बैलगाडीवर घालून शेडपर्यंत न्यायचं. बाजारातल्या एका हुंडेकऱ्याने सांगितलं की हे सगळं कशाला. हुंडेकरी म्हणजे ठोक रक्कम ठरवून दुसऱ्याचा माल गाड्यांवरून पोचवण्याचं काम अंगावर घेणारा. याच्या स्वतःच्या गाड्या नव्हत्या हे आम्हाला नंतर कळलं.

तो घरी आला तेव्हा छान बोलला. पान खाल्लेलं, उपरणं स्वच्छ, आणि कशालाही नाही म्हणायचं नाही हा स्वभाव.

"मोठ्या गाडीत चढवायला रेल्वेवाले पंधरा दिवस लावतील की, अक्का. होटगी काय लांब हाय? नऊ मैल. माझ्याकडं लोखंडी आसाचा गाडा हाय, आठ बैलांचा. सकाळी निघाला की दिवस मावळायच्या आत तुमच्या दारात. मेस्त्रींना सांगा, निर्धास्त ऱ्हावा म्हणावं."

मी लिहिलं, "मोठा गाडा आहे. एका दिवसात आणतो."

आप्पांनी मोठ्याने विचारलं, कारण त्यांचं सगळं बोलणंच आता मोठ्याने असायचं, "इंजिन खोलावं लागेल का? खोलायचं असेल तर मी तिथंच खोलतो. तुकडे हलके होतील."

हुंडेकरी हसला. "छे. अखंड नेऊ. खोललं की धूळ बसतीय, मग तुमीच म्हणाल हुंडेकऱ्यानं वाट लावली."

हे मात्र त्याचं खरं होतं. धुळीला आप्पा फार भीत. गाडा मोठा असेल तर खोलायचं नाही, असं ठरलं.

पहिल्या दिवशी आप्पा आणि मी सकाळच्या पॅसेंजरने होटगीला गेलो. पाटी पिशवीत, रेल्वेची पावती माझ्या हातात. पावती इंग्रजीत असल्यामुळे ती माझ्याकडे, आणि पावती माझ्याकडे म्हणून धक्क्यावरच्या बाबूशी मीच बोलायचं. शाळेत आम्हाला कधीही न भेटणाऱ्या साहेबांना पत्रं लिहायला शिकवलं होतं. समोर उभ्या असलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे शिकवलं नव्हतं. मी पावती पुढे केली आणि त्याच्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. इंजिन धक्क्यावर होतं, ताडपत्रीखाली. गाडा नव्हता. हुंडेकरी दुपारी आला.

"गाडा येतोय. वाटेतच असंल बघा."

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी गाड्याचं चाक उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी गाडीवानाच्या घरी कोणी आजारी होतं. हुंडेकरी रोज यायचा, रोज माझ्याशी गोड बोलायचा, आणि रोज एक नवं कारण द्यायचा, जणू कारणंच पोचवण्याचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. मी पाटीवर रोज "उद्या" लिहायची. आप्पा इंजिनाशेजारी बसून राहायचे. आई सोबत बांधून द्यायची ती भाकरी आणि शेंगांची चटणी आम्ही तिथेच खायचो. धक्क्यावरच्या हमालांत आमचं नाव पडलं होतं, आम्ही दिसलो की एकजण दुसऱ्याला म्हणायचा, "आली बग, बिन-पावतीची दोन पार्सलं." त्या चार दिवसांत मी किती वेळा खाली मान घालून उभी राहिले ते मोजलं नाही. संध्याकाळी घरी आलं की मान खरंच दुखायची.

"पोरीला ठेसनावर उभी करून ठेवायची, हे शोभतं का?" आई मला विचारायची, कारण आप्पांना विचारून उपयोग नव्हता. हे पाटीवर लिही असं मात्र ती म्हणायची नाही.

चौथा दिवस रविवार होता. सकाळी दोन साध्या बैलगाड्या आल्या. एकीला चार बैल, दुसरीला दोन. चाकं जोडणारा आस लाकडी. गाडीवान दक्षिणेकडच्या कोरड्या गावातले. एक म्हातारा आणि त्याचा जावई. ज्वारीची पेरणी अजून व्हायची होती, तोवर बैल भाड्याने लावून चार दिवस काढायचे म्हणून आलेले. म्हाताऱ्याच्या डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. त्याने आधी इंजिनाभोवती एक फेरी मारली, ताडपत्री उचलली, आणि लोखंडावर हात ठेवला. मग जावयाशी कानडीत बोलला. मला ते कळलं. तो म्हणाला, हे आपल्याला सांगितलं त्यातलं दिसत नाही.

"किती मण म्हनलासा?" त्याने हुंडेकऱ्याला विचारलं.

"वीस. सांगितलंय की."

"ह्ये वीस?"

"आतनं पोकळ हाय, बाबा. पानी फिरायला जागा असतीय त्यात. डबा हाय नुसता. वाजवून बग."

म्हाताऱ्याने बोटाने वाजवून बघितलं. पाण्याच्या जागी ते खरंच पोकळ वाजलं. तरी त्याचं समाधान झालं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या कागदाकडे.

"अक्का, कागदात काय लिवलंय?"

मोठं चाक आणि सुटे भाग सोडून नुसत्या अंगाचं वजन चाळीस मण, असं कागदात लिहिलं होतं. मला ते पाठ होतं. चार दिवस दुसरं वाचायला काही नव्हतं.

हुंडेकरी मध्येच म्हणाला, "इंग्रजी हाय ते. तिला मणाचं काय कळतंय? शाळंत गेलेली पोर हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हातारा, जावई, हमाल, बाबू. मी "वीस" म्हणाले नाही. "चाळीस" म्हणाले नाही. मी कागदाची घडी घातली आणि खाली बघितलं. म्हाताऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. शाळेत गेलेली, पावती हातात घेऊन उभी असलेली मुलगी ऐकून गप्प बसते म्हणजे हुंडेकऱ्याचं बरोबर असेल, असंच त्याने धरलं असणार.

का गप्प बसले, याचं कारण मी नंतर स्वतःला पुष्कळदा लाजरा स्वभाव म्हणून सांगून पाहिलं. लाज होतीच. पण खरं म्हणजे मी थकले होते. मी चाळीस म्हटलं असतं तर म्हातारा बैल वळवून निघून गेला असता, आणि पाचवा दिवस आला असता. मला त्या धक्क्यावर पाचव्यांदा उभं राहायचं नव्हतं.

"काय म्हणतात?" आप्पांनी मोठ्याने विचारलं.

मी लिहिलं, "निघू या म्हणतात."

त्यांनी गाड्यांकडे बघितलं. "हा मोठा गाडा?"

हुंडेकऱ्याने हातानेच सांगितलं की सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. माझ्या मानेवर त्यांचा हुंडेकऱ्याच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता.

ओंडक्यांवरून सरकवत हमालांनी इंजिनाचं अंग चार बैलांच्या गाडीवर घेतलं. गाडी खाली बसली. म्हाताऱ्याने पुढच्या डाव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला. दुसऱ्या गाडीत मोठं चाक, सुटे भाग, आप्पांच्या हत्यारांची पेटी आणि मी. हुंडेकरी, "पुढं जाऊन शेडची वाट मोकळी करतो," म्हणून निघून गेला.

पाच मैल आम्ही दुपारभर चाललो. पुढे एक ओढा लागतो. पाणी घोट्याएवढं, पण पलीकडचा चढ वाळूचा. तिथे गाडी थांबली. चारही बैलांनी जोर लावला. म्हाताऱ्याने एकदाही चाबूक मारला नाही; तो चाकाला खांदा लावून त्यांना नावाने हाका मारत होता. मग आस कडाडला. तो आवाज आप्पा सोडून सगळ्यांनी ऐकला. गाडी एका बाजूला कलली आणि सगळा भार पुढच्या डाव्या बैलाच्या मानेवर आला. जू सोडवेपर्यंत तो गुडघ्यावर बसला होता.

इंजिन पडलं नाही. ओंडक्यांचा टेकू देऊन ते तसंच तिरकं ठेवलं. मला एका ओळखीच्या टांग्यातून घरी पाठवलं. आप्पा तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी आईने भाकऱ्या बांधून दिल्या आणि त्याच टांग्याने मी परत गेले. मला वाटलं होतं, तोवर काहीतरी हललं असेल. ओढ्यावर पाहते तर बैल आंघोळ घालून बांधलेले, कपाळांना भस्म लावलेलं, पुढ्यात कडबा. या लोकांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल महादेवाचा, आणि सोमवार त्याचा. आस बदलून मिळाला असता तरी त्या दिवशी गाडी हलणार नव्हती. हुंडेकऱ्याला हे माहीत नसेल असं नाही. तो रविवारीच पोचायच्या हिशेबात होता, आणि वीस मण असते तर रविवारीच पोचलोही असतो.

म्हणजे पूर्ण दिवस बसून काढायचा होता. जावई सुतार बघायला जवळच्या वाडीला गेला होता. म्हातारा चुलीवर तेल आणि हळद गरम करून फडक्याने बैलाची मान शेकत होता. मानेवर नारळाएवढी सूज होती. आप्पा इंजिनाखाली दगड रचत होते. त्या दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलणं शक्य नव्हतं, तरी सकाळपासून त्यांनी एकमेकांना मदत केलेली दिसत होती. आप्पांच्या पेटीतलं स्वच्छ फडकं म्हाताऱ्याच्या हातात होतं, आणि म्हाताऱ्याचं घोंगडं आप्पांच्या गुडघ्यांखाली.

मी भाकरी वाढली. म्हाताऱ्याने हात धुऊन घेतली.

"पेरणीला हा नसला तर काय करायचं?" मी विचारलं. चार-पाच दिवसांत मी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"जोडीदाराचा मागायचा. त्येची पेरणी झाल्यावर दील." तो खाता खाता म्हणाला. "ओल तवर थांबतीय व्हय? पर असू दे. तुज्या बापाचं बी नुकसानच की. आपन दोगं बी फसलो."

त्याच्या 'दोघांत' मी नव्हते. त्याने मला काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित मी पुन्हा गप्प बसले असते.

मी पाटी घेऊन आप्पांच्या शेजारी बसले. खूप वेळ लागला. मी थोडक्यात लिहिलं नाही. लिहिलं, की गाडा कधीच नव्हता. की हुंडेकऱ्याने म्हाताऱ्याला वीस मण सांगितलं. की म्हाताऱ्याने मला कागदातलं वजन विचारलं, आणि मी सांगितलं नाही. पाटी भरली, आप्पांनी वाचली, मी पुसून पुन्हा लिहिलं. दुसऱ्या खेपेला शेवटी लिहिलं, "मला घरी जायचं होतं."

आप्पांनी तेही वाचलं. या खेपेला त्यांना जास्त वेळ लागला, जरी पाटीवर शब्द कमी होते. मग त्यांनी ती स्वतःच्या बाहीने पुसली. मला नीट आठवतं, कारण पाटी पुसायचं काम नेहमी माझं असे.

"मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाने बैलांनी कान हलवले, "तर मी धक्क्यावरच खोललं असतं."

एवढंच. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला काही बोलता आलं असतं.

ते उठले, इंजिनाच्या चारी बाजूंना ताडपत्री बांधली आणि पान्हे काढले. दुपारी हुंडेकरी छत्री घेऊन चालत आला तोवर वरचं डोकं उतरलं होतं, दट्ट्या बाहेर निघून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता.

"अवो मेस्त्री, ह्ये काय केलंत? अखंड न्यायचं ठरलंतं की." त्याने माझ्याकडे बघितलं. "अक्का, लिहा की जरा. म्हनावं, गाडीवान आळशी. सोमवारचं निमित्त काढत्यात. मी उद्या गाडा आनतो."

म्हातारा बैलाजवळून म्हणाला, "गाडा आन बग. त्यात तुलाच घालतो. तू बी आतनं पोकळ हायस."

हुंडेकरी हसला, तो कशालाही हसायचा. मग पुन्हा मला म्हणाला, "लिहा की, अक्का."

पाटी कोरी होती. मी ती मांडीवर पालथी घातली. आप्पा पाठ करून नट सोडवत राहिले. हुंडेकरी थोडा वेळ त्यांच्या पाठीशी बोलला आणि निघून गेला.

मंगळवारी नवा आस बसला. इंजिन पाच तुकड्यांत, दोन गाड्यांच्या दोन खेपांत शेडवर पोचलं. सुजलेल्या मानेचा बैल गाडीच्या मागे बांधून मोकळा चालत होता. बाकीच्यांनी ओढलं.

जपूनही धूळ बसायची ती बसलीच. पुन्हा जोडायला आप्पांना तीन आठवडे लागले. इंजिन सुरू व्हायचं, पण आत कुठेतरी ठोका यायचा. तो त्यांना ऐकू येत नव्हता. हाताला थोडा जाणवायचा, पण कुठून येतो ते समजायचं नाही. तेव्हा त्यांनी मला शेडमध्ये उभं केलं. मी कान लावायची आणि लिहायची. "येतो." "डाव्या बाजूने." "कमी झाला, पण भार दिला की येतो." मी एकही शब्द गाळत नव्हते. अक्षर वाईटच होतं, पण आता मी ते मोठं काढत होते. दिवसभर ऐकून डोकं जड व्हायचं. घरी आल्यावर आई बोलली तरी तिच्या बोलण्यामागे मला तो ठोका ऐकू यायचा. एका संध्याकाळी मी लिहिलं, "नाही." आप्पांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच लिहिलं. मग ते पोत्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

गिरणी चालते. पाटीही चालते. गिऱ्हाईक काय दळायचं, जाड की बारीक, घरी कोण आजारी, सून कशी, हे सगळं बोलतं, आणि मी सगळं लिहिते. कधी कधी फार कंटाळा येतो. विरजण मागायला आलेली बाई घटकाभर बोलली तर आता तेवढं सगळं लिहावं लागतं.

म्हातारा उन्हाळ्यात एकदा आला. बाजाराला आला होता. डोक्यावर ज्वारीचं छोटं गाठोडं. आप्पांनी त्याला लांबूनच ओळखलं आणि मोठ्याने विचारलं, "बैल कसा आहे?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाटीचं त्याला माहीत होतं.

"नांगराला चालतो," तो सावकाश म्हणाला, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. "गाडीला मान देत न्हाय. गाडीचं जू दिसलं की मागं सरतो. पेरणी उशिरानं झाली. अर्धं रान तसंच ऱ्हायलं."

मी सगळं लिहिलं. अर्धं रान तसंच राहिलं, हेही. आप्पांनी वाचलं. रांगेत सहा-सात बायका होत्या. आप्पांनी चालू दळण उरकलं, म्हाताऱ्याचं गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या आधी त्याची ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली. बायका कुरकुरल्या. मी त्यांचंही लिहायला पाटी उचलली, पण आप्पांनी हाताने नको म्हटलं.